कोंडाबाईची तिवई

बसा सगळे, ऊन चढायच्या आत सांगून होईल. माझ्या हातात हे कणीस कशाला म्हणून बघू नका, त्याचं काम शेवटी आहे. आणि ते मोबाइल पालथे ठेवा पाहू. दत्तूच्या मोबाइलवर रविवारपर्यंत कोरडं दाखवतंय, शेषेरावच्या मोबाइलवर उद्याच पाऊस, आणि दोघं बांधावर उभं राहून सकाळपासून भांडताहेत. भांडा, पण गोष्ट ऐकून मग भांडा.

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती ते विचारू नका. माझ्या आजेसासूला तिच्या आजेसासूनं सांगितली, तिलाही ठाऊक नव्हतं. त्या काळी आपल्या या आंबेसांगवीत एक बाई राहत होती. तिच्या आधीची तीन भावंडं जगली नाहीत, म्हणून ही जन्मली तशी आईनं तिला सुपातल्या कोंड्यात लोळवली आणि नाव ठेवलं कोंडा. असलं टाकाऊ नाव ठेवलं की मरण तिकडं बघत नाही, अशी तेव्हाची समजूत. बाई जगली. नुसती जगली नाही, चांगली ऐंशी वर्षं गावाच्या डोक्यावर बसली.

कोंडाबाईचं काम उफणणीचं. तुम्ही यंत्रातून पोतं भरून घेणारी माणसं, तुम्हाला काय माहीत! तेव्हा खळ्यावर बैल फिरवून जोंधळा मळायचा. मग तीन पायांच्या उंच तिवईवर एकानं चढायचं, भरलेली पाटी डोक्याच्या वर धरायची आणि वाऱ्यात धार सोडायची. दाणा खाली पडतो, भूस उडून लांब जातं. वारा कळला नाही तर सगळं डोळ्यांत. कोंडाबाईला वारा कळायचा. असं म्हणतात, ती मूठभर भूस वर सोडायची, ते कसं वळतं ते बघायची, आणि सांगायची, आता थांबा, आता धरा. चाळीस वर्षं गावातला एकेक दाणा तिच्या पाटीतून खाली पडला.

आता गावाची रीत ऐका. पहिला विळा पाटलाचा. जोशीबुवांनी पंचांगातून दिवस काढायचा, त्या दिवशी पाटलाच्या शेतात नारळ फोडून विळा लावायचा, आणि त्यानंतर बाकीच्यांनी आपापल्या रानात. त्याच्या आधी कुणाच्या शेतात विळा दिसला तर त्या घराला खळं बंद. खळं गावाचं एकच, मारुतीच्या देवळासमोर. खळं बंद म्हणजे मळणी बंद, म्हणजे चूल बंद. म्हणून कुणाची छाती व्हायची नाही.

तेव्हाचे पाटील बाबाराव. माणूस काही वाईट नव्हता. अडीनडीला दार उघडायचा, गावाचं बियाणं त्याच्याच पेवातून जायचं. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा, तोही आता कुणी बघितलेला नाही. पण एकदा तोंडातून शब्द गेला की गेला. गाव बुडालं तरी तो मागं घेणार नाही, असला हट्टी. आणि जोशीबुवा म्हणजे नरहरभट. ते बिचारे पाटलाला भ्यायचे आणि पंचांगाला त्याहून जास्त.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. लोक ही गोष्ट सांगताना कोंडाबाई कधी चुकलीच नाही असं सांगतात. खोटं आहे ते. ती चुकली होती. एका वर्षी जोंधळा अजून दुधात होता, आणि तिनं भूस उडवून सांगितलं, दोन दिवसांत पाऊस येतोय, काढा. लोक पाटलाच्या पाया पडले, त्यानं नाइलाजानं विळा लावला, सगळ्यांनी हिरवंच पीक काढलं. पाऊस आला नाही. एक थेंब नाही! दाणा सुकून चपटा झाला, भाकरीला चव राहिली नाही. वर्षभर लोक तिच्या दारावरून जाताना हातानं भूस उडवल्यासारखं करायचे आणि हसायचे. पाटलानं चावडीवर सांगून टाकलं, "हितून पुढं आभाळाचं कोंडाबाईनं बोलायचं न्हाई. आभाळाचं जोशीबुवा बघतील."

बाईनं ते मानलं. चूक तिचीच होती!

त्यानंतरची दोन वर्षं मात्र पंचांगानं गावाचं वाटोळं केलं. दोन्ही वर्षी जोंधळा वाळून खडखडीत उभा होता, आणि दोन्ही वर्षी दिवस निघाला लांबचा. पहिल्या वर्षी दिवस उगवायच्या आधी गारा आल्या. दुसऱ्या वर्षी दिवस उगवला, पीक कापून रानात वाळत पसरलं, आणि त्यावर चार दिवस पाऊस. दाणे काळे पडले, कणसातच मोड आले. लोकांनी रानातल्या तरवट्याचा पाला भाजी म्हणून खाऊन उन्हाळा काढला. चार घरं गाव सोडून गेली. तिसऱ्या वर्षी पेवाच्या तळातलं शेवटचं बियाणं पेरलं. आता लक्षात घ्या, हे पीक गेलं असतं तर खायला तर नव्हतंच, पेरायलाही नव्हतं. आंबेसांगवी उठली असती. आज मी इथं नसते, तुम्ही नसता.

आणि त्या वर्षी जोंधळा असा आला की बास! बैल आत शिरला तर दिसायचा नाही. होळीला आठ दिवस होते. कोंडाबाई आपल्या नदीकाठच्या पट्टीत गेली, एक दाणा काढला, दाताखाली धरला. कट् वाजलं. दाणा तयार. तिनं मूठभर भूस वर सोडलं. ते आधी इकडं गेलं, मग तिकडं गेलं. तिला काही कळेना.

तेवढ्यात दवंडी आली. जोशीबुवांनी दिवस काढला, रंगपंचमीचा. म्हणजे अजून तेरा दिवस.

कोंडाबाई तडक चावडीवर गेली. म्हणाली, "पाटील, दाणा तयार हाय. तेरा दिवस कशापायी थांबायचं?"

पाटील म्हणाले, "पाऊस येणार हाय का?"

"मला ठाऊक न्हाई."

चावडीवरची माणसं हसली. पाटीलही हसले. "ठाऊक न्हाई तर बोलतीस कशाला? मागं एकदा चुकलीस ते पुरं झालं न्हाई का?"

असं म्हणतात, तेव्हा बाईनं पदर खोचला. म्हणाली, "चुकले. परत चुकंन. तुम्ही पण चुकलाय, दोनदा. माझ्या चुकीत दाणा बारीक झाला. तुमच्या चुकीत दाणाच गेला. आभाळाचं मला कळत न्हाई, जोशीबुवांना कळत न्हाई, तुम्हाला तर न्हाईच न्हाई. आभाळाला काय पंचांग वाचून दाखवलंय का कुणी? दाण्याचं तेवढं कळतं. दाणा म्हणतोय, मला घरी न्या."

पाटलाचा चेहरा लाल झाला. "रंगपंचमीच्या आधी गावात एक विळा चालला तर खळं बंद. आणि तुझी तिवई खळ्यात दिसली तर मी माझ्या हातानं मोडीन."

आता तुम्ही सांगा, उफणणाऱ्या बाईची तिवई मोडायची म्हणजे काय? गवंड्याचे हात तोडण्यातला प्रकार. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. आलं असेल. पण घरी गेली ती रडत बसली नाही. सुनेला हाक मारली. सुनेचं नाव गुंफा. म्हणाली, "गुंफे, पाटी घे. विळा ठेव घरी."

"आत्याबाई, विळ्याबिगर काढायचं कसं?"

"पाटलांनी विळ्याला बंदी केलीय. हाताला केलीय का?"

आणि दोघी उभ्या पिकात शिरल्या. धाटं वाकवायची, कणीस मुरगळायचं, पाटीत टाकायचं. असं कुणी करत नसे. जोंधळा धाटासकट काढतात, वाळवतात, मग बसून कणसं खुडतात. उभ्या पिकातली कणसं खुडली की कडबा रानातच उभा राहतो, आणि कडब्याशिवाय जनावरं काय खाणार? म्हणून बघणारे बांधावरून ओरडले, "कोंडाबाई, कडब्याचं काय?" ती आतूनच ओरडली, "कडबा जाऊ द्या! आधी तोंडात घालायचं बघा!"

संध्याकाळपर्यंत दोघींच्या तळहातांची सालं निघाली. पट्टी मोकळी झाली. कणसं घरात टाकली, घर भरलं, दोघी सासूसुना अंगणात बसल्या. पाटलाचा माणूस बघायला आला. विळा चाललाय का? नाही चालला. मग दंड कसला करणार? तो डोकं खाजवत परत गेला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या तीन बाया पाटी घेऊन आपापल्या रानात शिरल्या. तिसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या. बाप्ये दोन दिवस विळे धरून ओट्यावर बसून होते, रीत मोडायची कशी म्हणून. मग बायकांनी त्यांच्या हातातले विळे काढून घेतले आणि हातात पाट्या दिल्या. असं म्हणतात, चौथ्या दिवशी गावात एकाही घरात बसायला जागा नव्हती. माणसं अंगणात, कणसं घरात. घरं भरली तेव्हा चावडी भरली. चावडी भरली तेव्हा मारुतीचं देऊळ उघडलं आणि त्यात टाकायला लागले. पाटील चौकात उभे राहून बघत होते आणि बोलू शकत नव्हते, कारण विळा कुठं दिसतच नव्हता.

पाचव्या दिवशी दुपारी वारा पडला. पान हलेना. कोंडाबाई खळ्यावर आली, मूठभर भूस वर सोडलं. ते सरळ वर गेलं आणि सरळ खाली येऊन तिच्याच तळहातावर बसलं. तिनं मावळतीकडं बघितलं. डोंगराच्या मागून ढग वर येत होता. काळा नाही, पांढुरका, आणि पोटात हिरवट. गारांचा.

गावाचं सगळं घरात होतं. उभं होतं ते एकट्या पाटलाचं, नदीच्या काठचं चाळीस बिघं.

लिंबाजी म्हणून एक तरणाबांड माणूस होता, तो बोलला, "जाऊ द्या त्याचं! दोन वर्षं आमचं गेलं, आता त्याचं जाऊ द्या. बघू दे मुहूर्त." बाकीच्यांनी माना हलवल्या. तुम्हीही हलवल्या असत्या, उगाच साधू होऊ नका.

कोंडाबाई त्याच्या अंगावरच गेली. "लिंबाजी, पेवात काय भरणार? साऱ्या गावाला पेरायला कुठून आणणार, तुझ्या तोंडातनं? चल मुकाट्यानं!" आणि सगळं गाव पाट्या घेऊन पाटलाच्या रानाकडं निघालं.

पाटील बांधावर काठी घेऊन उभे. म्हणाले, "माझ्या रानात कुणी पाय टाकायचा न्हाई. मी शब्द दिलाय. रंगपंचमीच्या आधी माझं पीक निघणार न्हाई."

कोंडाबाई म्हणाली, "पाटील, तुम्ही शब्द सांभाळा. आम्ही जोंधळा सांभाळतो." आणि त्यांच्या काठीच्या खालून वाकून आत गेली.

पाटलानं काठी उचलली खरी. पण तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून धोतर खोचून कोण उतरलं असेल? नरहरभट! पाटील ओरडले, "बुवा, तुम्ही?" भटजी धापा टाकत म्हणाले, "पाटील, पंचांग घरी ठेवून आलोय. मारायचं तर आधी मला मारा." आणि त्यांनी पहिलं कणीस असं उलटं पिरगळलं की बाया हसायला लागल्या. पाटलाच्या हातातली काठी खाली आली. ते मटकन बांधावर बसले.

पण चाळीस बिघं म्हणजे काय खाऊ आहे? आणि ढग तर चढत होता. कोंडाबाईनं एकदा रानाकडं बघितलं, एकदा आभाळाकडं बघितलं. ती गुंफेला म्हणाली, "तुम्ही खुडा, मी ह्याला बघते." आणि धावत घरी गेली, तिवई खांद्यावर टाकली आणि खळ्याच्या मधोमध आणून रोवली. जी पाटील मोडणार होते तीच तिवई, आणि त्याच खळ्यात. खळ्याकडेच्या जुन्या ढिगातलं भूस पाटीत भरलं, वर चढली, मावळतीकडं तोंड केलं, आणि पाटीभर भूस ढगाच्या तोंडावर उधळलं.

"थांब तिथंच!" ती ओरडली. "तुला कुणी बोलावलं न्हाई! आमचं आवरू दे, मग ये!"

काहीजण म्हणतात, तिच्या अंगात देवी आली होती. अंगात कसली येतेय! ती चिडली होती. दोन वर्षं तिनं लेकरांना तरवट्याचा पाला चघळताना बघितलं होतं. एवढं बघितल्यावर माणसाला देवी लागत नाही, स्वतःचा राग पुरतो.

असं म्हणतात, ढग डोंगराच्या माथ्यावर थांबला. असं म्हणतात, खळ्यातून वारा उठला आणि मावळतीकडं वाहायला लागला, आणि तिचं भूस त्या ढगापर्यंत गेलं. ती भूस उधळत होती आणि शिव्या देत होती. भूस संपलं की देवळात कणसं टाकायला येणाऱ्या बायका पाट्या भरून देत होत्या. शाळेतले एक मास्तर मला म्हणाले होते, "आजी, वादळाच्या आधी वारा असा उलटा फिरतोच, त्यात नवल काही नाही." फिरत असेल बाबा. पण त्यानं नेमकं त्याच घटकेला फिरायचं हे त्याला सांगितलं कुणी?

तिकडं रानात गाव तुटून पडलं होतं. म्हातारे, लेकुरवाळ्या, भटजी, लिंबाजी, सगळे. शेवटी पाटीलही उठले. असं म्हणतात, शेवटचं कणीस त्यांनी स्वतः खुडलं आणि ते डोक्याच्या पटक्यात खोवून भरलेली पाटी डोक्यावर घेऊन पळाले. देवळात जोंधळा एवढा झाला की मारुती छातीपर्यंत बुडाला. शेवटची पाटी रिकामी झाली आणि भटजींनी घंटा वाजवली.

घंटा ऐकली तशी कोंडाबाईनं हातातली पाटी डोक्यावर पालथी घातली आणि आभाळाला म्हणाली, "झालं आमचं! आता पड, किती पडायचं ते पड!"

आणि पडला. कवठाएवढ्या गारा पडल्या म्हणतात. मी लिंबाएवढ्या म्हणते, तेवढ्याही पुरतात. उभा कडबा भुईसपाट झाला. त्या उन्हाळ्यात जनावरांचे हाल झाले, दूध पाण्यासारखं झालं, हे पण सांगायला पाहिजे. फुकट काही झालं नाही. पण एक दाणा भिजला नाही.

गारा थांबल्यावर सगळे खळ्याकडं धावले. काही लोक सांगतात, तिथं कुणीच नव्हतं, ती वाऱ्याबरोबर गेली. अजिबात नाही! ती तिवईच्या पायाशी पाटी डोक्यावर घेऊन बसली होती. पाटीची चाळण झाली होती, दंड काळेनिळे झाले होते. आणि पहिलं काय विचारलं असेल?

"पाटलांचं सगळं आलं का?"

पाटील समोरच उभे होते, पटक्यात ते कणीस तसंच. म्हणाले, "आलं, आक्का."

बाई म्हणाली, "तिवई मोडायची व्हती न्हवं तुम्हाला? ही घ्या."

पाटलांनी तिवईला हात घातला, मोडायला नव्हे, उचलून तिच्या घरी पोचवायला. तिवई हलेना. लिंबाजी आला, आणखी दोघं आले. तिवईचे तिन्ही पाय हातभर जमिनीत रुतले होते. असं म्हणतात, बैल जुंपले तरी ती निघाली नाही. शेवटी कोंडाबाईच हसायला लागली, मग पाटील हसले, मग सगळं गाव त्या गारांच्या चिखलात उभं राहून हसलं आणि रडलं. पाटलांनी तिथंच सांगितलं, "आजपास्नं पहिला विळा माझा न्हाई. माझं रान सगळ्यांच्या शेवटी."

ती तिवई तिथंच राहिली आणि तिचा दगड झाला. तुम्ही रोज जाता-येता बघता तो तीन खुंटांचा दगड तोच. त्याला आपण शेंदूर लावत नाही, नारळ फोडत नाही. मूठभर भूस घेतो आणि मावळतीकडं तोंड करून उधळतो. आजही पाटलांचं रान सगळ्यात शेवटी निघतं, आणि तिथं सगळं गाव जातं, मजुरी न घेता. आजही पहिल्या दिवशी कुणी विळा धरत नाही, यंत्र रानात आणत नाही. प्रत्येक घर पाटीभर कणसं हातानं खुडतं आणि मारुतीच्या पायाशी ओततं, त्याचे गुडघे बुडेपर्यंत. आणि दिवस पंचांगातून निघत नाही. गावातली सगळ्यात म्हातारी बाई रानात येते आणि दाणा दाताखाली धरते.

या वर्षी ती म्हातारी मी आहे. हसू नका, दोनच दात राहिलेत, पण समोरासमोर आहेत. याच्यासाठीच जपून ठेवलेत.

दत्तू, तुझा मोबाइल काय म्हणतो, रविवार? शेषेराव, तुझा उद्या? म्हणू द्या. दोघांपैकी एक खरा ठरेल, नाही तर दोन्ही खोटे. मला आभाळाचं काही कळत नाही, मी कोंडाबाईच्या घरातली सून आहे, खोटं बोलणार नाही. हा दाणा काढला. जरा गप्प बसा, ऐकू द्या.

कट्.

ऐकलंत ना? मग बसलात काय? उठा, पाट्या घ्या.